मोने बघायला सुरुवात कुठून करायची?

चित्रांवर गप्पा सुरू झाल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "इम्प्रेशनिस्ट चित्रं बघायला सुरुवात कुठून करू? मोनेच्या कमळांपासून?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. कमळं नकोत. ती या फ्रेंच चित्रकाराच्या म्हातारपणीची. आधी १८६७ सालचं 'सँ-जेर्मँ लोसेरवा' बघा. पॅरिसमधलं एक चर्च आणि त्याच्यासमोरचा चौक, एवढाच विषय.

तेव्हा मोने सव्वीस वर्षांचा होता. क्षणाचा उजेड आणि रंग झटपट टिपणाऱ्या या चित्रशैलीला इम्प्रेशनिझम हे नाव पडायला अजून सात वर्षं होती. 'बागेतल्या स्त्रिया' हे त्याचं भलंमोठं चित्र सलाँनं, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनानं, त्याच वर्षी नाकारलेलं, पैशांची चणचण, त्यात त्याच्या जोडीदारणीला, कामीला, दिवस गेलेले. एप्रिलमध्ये त्यानं लूव्र संग्रहालयाकडे परवानगी मागितली. आतल्या जुन्या चित्रांच्या नकला करायला तर सगळेच तरुण चित्रकार जात. याला तिथून बाहेरचं पॅरिस रंगवायचं होतं! परवानगी मिळाली, आणि लूव्रच्या पूर्व बाजूला उंचावर बसून त्यानं तीन चित्रं केली. हे त्यातलंच एक.

चर्च तसं साधंसुधं नाही. १५७२ च्या ऑगस्टमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली ती इथल्या घंटेच्या इशाऱ्यावर, असं सांगतात. दुसऱ्या कुणी त्यावर काळेकुट्ट ढग आणले असते. मोनेला त्याचं काही नाही. त्याच्या चर्चवर लख्ख ऊन पडलंय, समोर चेस्टनटची झाडं फुललीयत, खाली माणसांची ये-जा चालू आहे.

सुरुवातीला हेच चित्र का, तर यात रंगवायच्या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी दिसतात. चर्च अगदी नीट, मापात काढलंय: मधली मोठी गोल खिडकी, कमानी, कठडे, टोकदार शिखरं. एखादा वास्तुविशारदही खूश होईल. आता नजर खाली आणा. पानं म्हणजे हिरव्या रंगाचे सुटे-सुटे फटकारे, एकमेकांत न घोटलेले. माणसं तर दोन-चार फटकाऱ्यांत उरकलीयत. एक उभा गडद ठिपका, त्याला चिकटून जमिनीवर सावली, झालं. नाकडोळे नाहीत, तरी कोण चाललंय आणि कोण उभं राहून बोलतंय ते कळतं. दगड कुठे पळून जात नाही, त्याला हवा तितका वेळ देता येतो. पानं आणि माणसं थोडीच थांबणार?

१८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात मोनेनं 'बुलव्हार दे काप्युसीन' हे पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र मांडलं. त्यातली गर्दी बघून लुई लरवा या टीकाकारानं टर उडवली, की खाली हे काळे-काळे चाटल्यासारखे डाग कसले? टीका खवचट, पण मला विचाराल तर त्याची नजर तेज होती. त्या डागांची तयारी इथे लूव्रवरून चाललेली दिसते.

यानंतरही कमळांकडे धावू नका. मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहराचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, आहे, १८९० च्या दशकातलं, तिसाहून जास्त कॅनव्हास. तिथे दगडसुद्धा उन्हात विरघळलाय आणि माणसं जवळजवळ नाहीतच. दोन्ही चर्चं शेजारी ठेवून बघा, फोनवर मोठी करून पाहिलीत तरी चालेल. 'सँ-जेर्मँ' मात्र बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीच्या संग्रहात आहे. कधी समोर उभं राहायची संधी मिळालीच, तर आधी अगदी जवळ जा. रखवालदार हटकेल तेव्हा मागे या.