बंड्याचं पोट, सासूबाईंचं ताक आणि माझी पावडर

पिंजऱ्याखालचा कागद मी चार वर्षं रोज बदलत होते, पण त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. जुलैतल्या त्या मंगळवारी बघितलं, कारण कागद चिंब ओला होता. नेहमीचं हिरवट वेटोळं आणि त्यावरचा चुन्यासारखा पांढरा ठिपका, काहीच नाही. नुसतं पाणी आणि त्यात शेवाळासारखं काहीतरी. बंड्या अंग फुगवून, तुरा पाडून दांडीवर बसला होता. कुकरची शिट्टी झाली की हाही शिट्टी मारतो. त्या दिवशी तीन शिट्ट्या झाल्या तरी हा गप्प.

बंड्या म्हणजे आमचा कॉकॅटिएल, तुरेवाला छोटा पोपट. दुकानात याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात, त्यामुळे "आमच्याकडे एक कॉकटेल आहे" असं लेकाने पाहुण्यांना सांगितलं की मला लगेच खुलासा करावा लागतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आता पिंजऱ्यातच पैदास होणारा. आपला हिरवा पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, याला तशी अडचण नाही.

साताऱ्यात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आहेत. पक्षी बघणारं मला कुणी सापडलं नाही, म्हणून सरळ पक्ष्यांच्या दुकानात गेले. त्याने एका पुडीत पिवळी पावडर दिली. "चिमूटभर पाण्यात टाका मॅडम, अँटिबायोटिक आहे, सगळ्याला चालतं." कसलं अँटिबायोटिक, किती दिवस, काही विचारलं नाही. पतसंस्थेत बसून लोकांच्या पावत्या तीनतीनदा तपासणारी मी, पण इथे बिनानावाची पुडी घेऊन घरी आले. पाणी पिवळंजर्द झालं, बंड्या ते धड पिईना. दोन दिवस जरा हुशारी आल्यासारखी वाटली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

"पोट बिघडलंय ना, मग ताक दे की," सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरी पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर एकच औषध, ताक नाहीतर दहीभात. आणि मी ऑफिसात असताना त्यांनी ते देऊनही टाकलं होतं. स्वतःच्या वाटीतलं, मीठ, जिरं, हिंग घातलेलं. लेकाने फोनवर वाचून मुद्दा पुढे नेला: ताक कशाला, त्यात जे उपयोगी जिवाणू असतात तेच पाकिटात मिळतात, प्रोबायोटिक.

मेडिकलमधून मुलांना जुलाब झाल्यावर देतात ते पाकीट आणलं. त्यात सॅकरोमायसिस बुलार्डी होतं, म्हणजे एक प्रकारचं यीस्ट. शिवाय पोल्ट्रीच्या दुकानातूनही एक डबा आणला, कारण त्यावर निदान कोंबडीचं चित्र होतं. डब्यावर लिहिलेलं: एक टन खाद्यात 500 ग्रॅम. बंड्या दिवसाला फार तर पंधरा ग्रॅम दाणा खातो. हिशेब केला, साडेसात मिलिग्रॅम आले. माझा स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही. डबा मिटवून ठेवला आणि मेडिकलच्या पाकिटातली चिमूट उकडलेल्या अंड्यावर भुरभुरायला लागले. चार दिवस.

चौथ्या दिवशी त्याला त्याच काट्यावर उभा केला. 81 ग्रॅम. लेकाने जानेवारीत शाळेच्या प्रकल्पासाठी वजन केलं होतं तेव्हा 94 होतं. तेरा ग्रॅम म्हणजे काय ते आकडा टक्क्यात मांडल्यावर कळलं: जवळजवळ चौदा टक्के. साठ किलोच्या माणसाने आठ किलो गमावण्यासारखं.

पुण्यात पक्षी बघणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर ओळखीतून मिळाला. फोनवर त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. रात्रीचा कागद न गुंडाळता आणा, आणि आजवर जे जे दिलंय ते पाकिटांसकट आणा. छोटा पिंजरा, वर टॉवेल, मागे सासूबाई (त्या ऐकेनातच), आणि खंबाटकी घाटात पाऊस.

डॉक्टर मॅडमनी कागद आधी बघितला, बंड्याला नंतर. तिथे मला पहिल्यांदा कळलं की पक्ष्याच्या शीचे तीन भाग असतात: घट्ट शी, पांढरं युरेट (लघवीतला घट्ट, चुन्यासारखा भाग) आणि लघवीचं पाणी. कुठला भाग बिघडलाय यावरून पुढचा विचार ठरतो. मग त्यांनी काचपट्टीवर नमुना घेऊन रंगवला. पोपटांच्या जातीच्या पक्ष्यांच्या आतड्यात चांगले जिवाणू बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह असतात, त्या रंगात ते जांभळे दिसतात. बंड्याच्या काचपट्टीवर ते विरळ, मध्येच एखादा. त्याऐवजी गोल गोल मोठे दाणे भरपूर. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. काही दाण्यांना बाजूला बारीकसा फुगवटा होता, अगदी मोड यायला लागलेल्या मटकीसारखा.

"हे यीस्ट," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही यीस्टचंच पाकीट चार दिवस देताय. आता हे तुमच्या पाकिटातलं की त्याच्या पोटातलं, या एका काचपट्टीवरून मी कसं सांगू?"

मला वाटत होतं, प्रोबायोटिकने गुण आला नाही तर नाही, निदान अपाय तरी काय होणार. तपासणीच गढूळ होईल हे डोक्यातही आलं नव्हतं. पावाचे तुकडे खाणाऱ्या पक्ष्यांतही असा घोळ होतो म्हणे, पावातलं यीस्ट शीत दिसतं. मग त्यांनी गळ्याखालच्या पिशवीतून, त्या तिला क्रॉप म्हणतात, ओल्या बोळ्याने नमुना घेतला. त्यात मोड आलेले दाणे होतेच, शिवाय लांब लांब धाग्यांसारखी वाढ होती. ती बघून त्यांची खात्री झाली: कॅन्डिडा, म्हणजे पोटात माजणारं यीस्ट.

कॅन्डिडा थोडीफार असतेच, पण चांगले जिवाणू तिला जागा देत नाहीत. पिवळ्या पावडरने त्यांनाच झोडपलं आणि रान मोकळं केलं. मुळात पोट कशाने बिघडलं ते आता कळणं अवघड होतं. पावसाळ्यात दमट झालेलं राळं असेल, असा त्यांचा अंदाज. पावडर टेट्रासायक्लिनच्या कुळातली असावी असं त्या म्हणाल्या. तसं असेल तर पिंजऱ्याला टांगलेला समुद्रफेसही (पक्षी कुरतडतात तो पांढरा तुकडा) आड आला असणार, कारण त्यातलं कॅल्शियम या औषधांना धरून ठेवतं आणि ती अंगी लागत नाहीत. म्हणजे औषध धड पोचलंही नाही आणि जिथे पोचलं तिथे नको ते करून बसलं.

नायस्टॅटिन हे यीस्ट मारणारं औषध सुरू झालं, दिवसातून दोनदा, दाण्याच्या आधी, कारण ते कॅन्डिडाला थेट लागावं लागतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. आणि बुलार्डी तत्काळ बंद. यीस्ट मारणारं औषध चालू असताना यीस्ट खाऊ घालण्यात काय अर्थ? औषधाला आतलं आणि पाकिटातलं वेगळं कळत नाही.

निघताना मी विचारलंच, "मग प्रोबायोटिक द्यावं की नको?"

मॅडम पूर्वी पोल्ट्रीत काम केलेल्या, त्यामुळे उत्तर कोंबड्यांपासून सुरू झालं. 1973 साली नुर्मी आणि रांताला या फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं की मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिले तर साल्मोनेला हा रोगजंतू त्यांच्यात सहज ठाण मांडत नाही. जागा आधीच भरलेली असते. तेव्हापासून पोल्ट्रीत यावर भरपूर काम झालंय. पोपट, कॉकॅटिएल, बजरीगर यांच्यावर त्या मानाने फारच थोडं. "म्हणून कोंबडीवरचा निष्कर्ष मी बंड्याला जसाच्या तसा लावत नाही."

नीट खाणाऱ्या निरोगी मोठ्या पक्ष्याला त्याची रोज गरज आहे असं त्यांना वाटत नाही. अँटिबायोटिकनंतर, किंवा हाताने भरवून वाढवलेल्या पिल्लांना, विचार करण्यासारखं आहे. पिल्लाला हे जिवाणू एरवी आईबापांच्या चोचीतून भरवण्याबरोबर मिळतात, सिरिंजने वाढलेल्याला ते कुठून मिळणार? सुरक्षित आहे का, तर धडधाकट पक्ष्याला लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंनी सहसा त्रास होत नाही. पण फार अशक्त पक्षी किंवा अगदी कोवळं पिल्लू असेल तर जिवंत जंतू हे जिवंत जंतूच, विचारल्याशिवाय नको. माणसांच्या पाकिटात साखर, दूध पावडर, संत्र्याचा स्वाद असतो, तेही बघावं लागतं. पाण्यात टाकायचं नाही: पाणी लवकर नासतं, चव बदलली की पक्षी पीत नाही, आणि पोटात किती गेलं याचा पत्ता लागत नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर.

सासूबाईंनी एवढा वेळ धीर धरला होता. "आणि ताक?"

"आजी, पक्षीण पिल्लांना दूध पाजते का?"

"पारवे पाजतात म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. त्यावर मॅडम हसल्या, कारण ते खरंच आहे. पारव्याच्या अन्नपिशवीत दुधासारखं काहीतरी तयार होतं, पण त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसतं. पक्ष्यांना लॅक्टोज पचवता येत नाही. विरजल्यावर ते कमी होतं, त्यामुळे बोटभर दह्याने आकाश कोसळत नाही, पण तो उपचारही नाही. आणि मिठाचं ताक मात्र ऐंशी ग्रॅमच्या जिवाला अजिबात नको. सासूबाई गाडीत खंडाळ्यापर्यंत बोलल्या नाहीत.

पुढचे दहा दिवस माझ्या वहीत आहेत. रोज सकाळी पहिल्या शीनंतर आणि दाण्याआधी वजन. तिसऱ्या दिवशी 82, सहाव्या दिवशी 85, दहाव्या दिवशी 89. औषध देणं म्हणजे कसरत: लेक टॉवेलमध्ये धरणार, मी चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडणार, आणि त्यातले निम्मे माझ्या गाऊनवर. वाट्या रोज उकळत्या पाण्यातून काढायच्या, ओलं खाणं दोन तासांत उचलायचं.

पुन्हा तपासल्यावर काचपट्टी साफ निघाली, तेव्हा मॅडमनी पक्ष्यांसाठीची लॅक्टोबॅसिलस पावडर दहा दिवस सांगितली. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, एका ग्रॅममध्ये जिवंत किती, मुदतीची तारीख आणि थंड जागेत ठेवायची सूचना, हे सगळं बघून घेतलं. सोबत इवलासा मापचमचा होता, साडेसात मिलिग्रॅमची भानगड नव्हती. त्या दहा दिवसांत बंड्या 89 चा 93 झाला. पावडरमुळे झाला का, मला सांगता येणार नाही. वजन आधीच चढणीला लागलं होतं, आणि दुसरा बंड्या काही माझ्याकडे नव्हता की एकाला देऊन एकाला न देता बघावं. सासूबाईंच्या मते तो ताकाने बरा झाला.

उरलेली पावडर फ्रिजच्या दारात आहे, विरजणाच्या वाटीशेजारी. पोल्ट्रीचा डबा एका कोंबड्यावाल्या ओळखीच्यांना देऊन टाकला. कागद आता सासूबाई बदलतात. चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात धरून बघतात आणि स्वयंपाकघरात ऐकू येईल अशा आवाजात सांगतात, "आज तिन्ही आहेत गं."