पावसात उमटणारी पाटी

रत्नागिरीत मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका बालरोगतज्ज्ञांनी दवाखान्यासाठी जुनी इमारत विकत घेतली होती. आसपासची जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची असली, तरी या इमारतीची दर्शनी भिंत मात्र गिलावा नसलेल्या भाजक्या विटांची होती. आधीच्या मालकाने चिकटवलेली मोठी अक्षरे काढून खालचे डाग साफ केले आहेत, असे त्यांना सांगण्यात आले होते, आणि मे महिन्यात मी पाहिली तेव्हा ती कोरडी भिंत खरोखरच स्वच्छ दिसत होती. जूनमध्ये डॉक्टरांचा फोन आला : "पाऊस चालू असतानाच येऊन बघा."

मी पोहोचलो तेव्हा जोराची सर आली होती. पाणी पिऊन सगळी भिंत गडद लाल झाली होती आणि तिच्या मधोमध फिकट, कोरड्या अक्षरांत 'परमिट रूम' असे लांबूनही वाचता येत होते. खाली पालक आजारी मुलांना घेऊन उभे होते. "ऊन पडलं की हे जातं," डॉक्टर म्हणाले, "पण इथे चार महिने ऊन आणायचं कुठून?" वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात हा प्रश्न रास्तच होता.

अक्षरे सिलिकॉनने चिकटवलेली होती. वरचा थर पात्याने निघतो. पण विटेच्या छिद्रांत शिरलेला अंश डोळ्यांना न दिसता तिथेच राहतो आणि पाण्याला आत येऊ देत नाही. त्यातच आधीच्या कारागिराने काही विटांवर ग्राइंडर फिरवून भट्टीत पक्की झालेली त्यांची वरची कातडी उडवली होती, त्यामुळे त्या उलट जास्त पाणी पीत होत्या.

डॉक्टरांनी ॲसिडने धुण्याविषयी विचारले. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिलिकॉनला हातही लावत नाही, दरजांमधला चुना मात्र खाते. रंगही सिलिकॉनवर धरत नाही, आणि तारेच्या ब्रशचे विटेत अडकलेले कण खाऱ्या हवेत गंजून नवे डाग पाडतात. पावसाळ्यात करण्यासारखे एकच काम होते, ते म्हणजे भिंत ओली असताना फोटो काढून कोणत्या थरातली कोणती वीट कोरडी राहते याचा नकाशा करून ठेवणे. तोवर डॉक्टरांनी त्या जागेवर लसीकरणाचा फ्लेक्स टांगला.

पाऊस सरून भिंत वाळल्यावर काम सुरू केले. अक्षरांच्या कडेला पिवळट रबरी गोंदही सापडला. हीट गनच्या उष्णतेने तो मऊ पडतो, सिलिकॉन पडत नाही; त्यावरून दोन्ही वेगळे ओळखता आले. गोंदावर नुसता थिनर ओतला, तर विरघळलेला गोंद आणखी आत जातो. म्हणून, थिनर चटकन पेट घेत असल्याने हीट गन दूर ठेवून, थिनरमध्ये कालवलेल्या मुलतानी मातीचा जाड लेप दिला आणि वर प्लास्टिक लावले. नंतर प्लास्टिक काढल्यावर सुकत जाणाऱ्या मातीने गोंद बाहेर ओढून घेतला. सिलिकॉनसाठी खास रिमूव्हर लावून, नायलॉनच्या ब्रशने घासून भिंत धुतली. प्रत्येक वेळी भिंत वाळू दिल्यावर नळीने पाणी मारून नकाशाशी ताडून पाहत होतो, कारण कोरड्या भिंतीकडे बघून या कामाचा निकाल देताच येत नाही.

तरीही 'प' आणि 'ट' हटले नाहीत. तिथल्या आणि ग्राइंडर लागलेल्या विटा बदलाव्यात, तर त्या मापाच्या आणि रंगाच्या नव्या विटा मिळेनात. जोडकाम चुन्याचे असल्यामुळे आमच्या गवंड्याने दरजा हळूहळू कोरून त्या विटा एकेक करून अखंड बाहेर काढल्या आणि आतली बाजू दर्शनी करून पुन्हा चुन्यातच बसवल्या. सिमेंटचे जोडकाम असते तर निम्म्या विटा फुटल्या असत्या. आतली तोंडे जरा जास्तच लाल दिसत होती. तो भडकपणा मी तसाच राहू दिला, कारण दोन पावसाळ्यांत तो आपोआप उतरतो.

शेवटच्या फवारणीत 'ट'ची शेपटी तेवढी पुसट दिसली. डॉक्टरांची नवी पाटी तिच्यावर येईल अशी बसवली. चिकटवून नव्हे, तर खाऱ्या हवेतही सहसा न गंजणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी, आणि तेही विटांत न घालता दरजांमध्ये.