नाथसागराच्या काठी, एका फांदीसाठी

पैठणला लोक नाथांच्या दर्शनाला जातात, पैठणी घ्यायला जातात. आम्ही भर मे महिन्यात जायकवाडीच्या फुगवट्याकडे गाडी घातली ती जागचं न हलणारा एक प्राणी, गोड्या पाण्यातला स्पंज, बघायला. सोबतचा मित्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणजे खापर कुणावर फोडायचं ते ठरलेलंच.

पाणी बरंच ओसरलं होतं. गाळपेऱ्याची पिकं निघून गेलेली, मातीला भेगा. मासेमारी करणाऱ्या एका मामांनी थर्माकोलच्या तराफ्यावरून जाऊन बुडालेली बाभळीची फांदी काठापर्यंत ओढत आणली. तिच्यावर हिरवट, खडबडीत थर होता.

"हात नका लावू सर, लई खाजतंय," मामा म्हणाले.

बरोबरच होतं. गोड्या पाण्यातल्या या स्पंजाच्या अंगात सिलिकाच्या बारीक सुया असतात. हिरवा रंग मात्र त्याचा नाही, आत राहणाऱ्या शेवाळाचा.

मित्राने फांदी पाण्याबाहेर काढूच दिली नाही. आतल्या नळ्यांत हवा अडकली की काम बिघडतं. बरणी पाण्यात बुडवून तिथेच एक तुकडा आत घेतला. तोडल्यावर स्पंज आक्रसतो, म्हणून सावलीत बसून वाट बघितली. मग ड्रॉपरने पातळ दुधाचा थेंब त्याच्या अंगालगत सोडला. पांढरा ढग पृष्ठभागावर टेकला आणि आत ओढला गेला. थोड्या वेळाने वरच्या पारदर्शक नळकांड्यातून दुधाची बारीक धार सरळ बाहेर आली!

ना हृदय, ना स्नायू, ना मज्जातंतू. अंगभर असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत येतं आणि नळ्यांमधून इवल्या कोठड्यांत पोचतं. कोठडीच्या भिंतीवरच्या प्रत्येक पेशीला एकेक कशाभिका, म्हणजे चाबकासारखी बारीक शेपटी, असते. ती वळवळते, पाणी खेचते, आणि तिच्याभोवतीच्या कॉलरच्या जाळीत जिवाणू अडकतात. लुकोनिया नावाच्या समुद्री स्पंजाचं गणित प्रसिद्ध आहे: उंची १० सेंटिमीटर, कोठड्या २० लाखांहून जास्त, आणि दिवसाला २२.५ लिटर पाणी.

खरी गंमत वेगात आहे. कोठडी इवलीशी असली तरी सगळ्यांची रुंदी एकत्र धरली तर नळ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरते, त्यामुळे तिथे पाणी जवळपास थबकतं आणि अन्न टिपायला वेळ मिळतो. गोदावरी नाथसागरात पसरते, मंदावते, गाळ टाकते आणि कालव्याच्या दारातून पुन्हा जोरात सुटते, तसंच हे. बाहेरची धार जोरकस असल्यामुळे वापरलेलं पाणी लांब फेकलं जातं, पुन्हा तोंडाशी येत नाही.

काठावरच्या वाळक्या फांद्यांवरही हाच थर होता, मेलेला. त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पिवळट दाणे दिसले. त्यांना जेम्यूल म्हणतात. स्पंज सुकून गेला तरी हे दाणे उन्हाळा काढतात आणि पाणी चढलं की त्यांतून नवा स्पंज उगवतो. दुष्काळी मुलखाला साजेसा बंदोबस्त.

मामा सगळं ऐकत होते. "मग आमच्या टाकीत सोडू का याला? पाणी गाळून देईल."

"जिवाणू खाईल, मामा," मित्र म्हणाला, "पण क्षार नाही काढायचा. आणि पाइपात वाढला तर मोटर बंद पाडेल."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणत मामांनी फांदी पुन्हा आत ढकलली.