जास्तीचा एक पैसा

कॅशमध्ये शंभर रुपये कमी आले तर कॅशियर खिशातून भरतो, दोन शिव्या हासडतो आणि घरी जातो. शंभर रुपये जास्त आले की मात्र त्याची झोप उडते. जास्त आले म्हणजे कुणाचे तरी कमी गेलेत, आणि ते कुणाचे हे सापडेपर्यंत सगळाच हिशोब संशयाखाली. चौतीस वर्षं मी इंदूरमध्ये नोटा मोजल्या. निवृत्तीनंतर आपण साडेतीन हजार वर्षं जुन्या टेकाडावर उकिडवे बसू आणि तिथेही नेमकी हीच पंचाईत उभी राहील, असं काही वाटलं नव्हतं.

झालं असं की रामबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांचा पुतण्या पुरातत्त्व शिकतो. त्यांच्या उत्खननावर हौशी माणसं हवी होती. पगार नाही, जेवण आणि तंबू मिळेल, एवढंच तो म्हणाला. सौ. म्हणाली, "माळ्यावरची पोती वीस वर्षांत खाली काढली नाहीत आणि आता दुसऱ्यांची माती उपसायला निघालात." मी पोती तशीच ठेवून निघालो.

गावाचं नाव लिहीत नाही. इंदूरपासून दोन तासांवर, काळ्या मातीतलं एक टेकाड, एवढं पुरे. असल्या जागांचा पत्ता फुटला की रात्री फावडी घेऊन मंडळी येतात.

एप्रिल-मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत कोण खोदतं, असं मीही विचारलं होतं. उत्तर शेतात होतं. टेकाडाच्या पायथ्यापासून अर्ध्या उतारापर्यंत गहू पेरतात. गहू निघाला की जमीन मोकळी होते, आणि पहिला पाऊस पडून सोयाबीन पेरायच्या आत ती मालकाला परत द्यावी लागते. मधले दोन महिने तेवढे आपले. पावसात तर माळव्याची ही माती चपलेला अशी धरते की माणूस पुढे जातो आणि चप्पल मागे राहते.

काम पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं आणि साडेअकराला बंद. दुपारी आंब्याखाली बसून खापरं धुवायची. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हे मला गावातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यामागचं शास्त्र विचारू नका. मी ठेवत होतो.

खड्डे पाच मीटर बाय पाच मीटरचे, चौरस, सुतळी लावून आखलेले. दोन खड्ड्यांच्या मध्ये न खोदलेली मातीची भिंत ठेवतात, तिला तिथे सगळे बाल्क म्हणतात. मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ साहेबांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. उभ्या भिंतीत थर दिसत राहतात, म्हणजे आपण कुठल्या काळात बसलोय ते कळतं. नवखा माणूस पहिल्या दिवशी हमखास त्या भिंतीच्या कडेवर बसतो आणि ओरडा खातो. मीही खाल्ला.

पहिले आठ दिवस माझ्याकडे खापरं आणि चिठ्ठ्या. खापर धुण्यातही कला आहे. साधं असेल तर टूथब्रशने घासा, पण रंग असेल तर नुसतं पाण्यात बुडवून बोटाने पुसा. फिकट नारिंगी अंगावर काळपट चॉकलेटी रेघा, कधी जाळी, कधी त्रिकोण: ही माळव्याची भांडी, साधारण इसवी सनापूर्वी १७०० ते १४०० या काळातली. महेश्वरच्या समोर, नर्मदेपलीकडे नावडातोलीला १९५२-५३ मध्ये आणि पुढे १९५७ ते ५९ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि बडोद्याच्या विद्यापीठाने खोदकाम केलं, तेव्हा ही भांडी ढिगाने निघाली. शाळेच्या सहलीत महेश्वरच्या घाटावरून मास्तरांनी हात करून ती जागा दाखवली होती. आमचं सगळं लक्ष होडीकडे.

चिठ्ठ्यांवर मात्र माझा हात बसला. खड्डा क्रमांक, थर, खोली, तारीख, सही. चिठ्ठी नसलेली पिशवी म्हणजे स्लिपशिवाय भरलेली रोकड. माझं अक्षर बघून आमच्या खड्ड्याची प्रमुख म्हणाली, "काका, तुम्ही इथेच राहा आता." ती पुण्याहून आलेली, पीएचडी करणारी, माझ्या मुलीहून लहान. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही ताईच म्हणायचो. घरी असती तर मी 'अगं' म्हणालो असतो, पण खड्ड्यात ती साहेब होती. तिचा विषय जुनं धान्य. खणलेली माती बादलीत पाण्यात ढवळायची, जळके दाणे हलके म्हणून वर तरंगतात, ते बारीक चाळणीवर धरायचे. आमच्या खड्ड्याच्या ईशान्य कोपऱ्यातून चार दिवसांपूर्वी तिला गव्हाचे अकरा दाणे मिळाले होते. ते तिने कागदावर ओळीने मांडले तेव्हा जेवायला हाक मारलेली तिला ऐकूच आली नाही.

नवव्या दिवशी मला खुरपी मिळाली. तोच ईशान्य कोपरा, खोली पंच्याण्णव सेंटिमीटर. उताराची बाजू, वरची माती पावसाने धुपलेली, म्हणून जुना थर इतक्या वर आलेला. माती खरवडायची नाही, सोलायची. खुरपीचं टोक नव्हे, धार आडवी चालवायची. सातच्या सुमाराला धारेखाली हिरवा ठिपका दिसला.

मी हात वर केला. शाळेनंतर पहिल्यांदा असेल.

हिरवं म्हणजे तांबं. आणि या काळात तांबं म्हणजे मोठी गोष्ट, कारण दगडाची पाती शेकड्याने निघतात, तांब्याचा तुकडा क्वचित. उज्जैनजवळच्या कायथ्याला उत्खननात तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या सापडल्या होत्या, ही गोष्ट रोज रात्री तंबूत कुणीतरी सांगायचंच. ताई धावत आली, शेजारच्या खड्ड्यातली पोरं आली, मुख्य सरही आले. काळी-पांढरी पट्टी ठेवून, उत्तर दाखवणारा बाण ठेवून फोटो झाले. मग ताईने बांबूच्या काडीने कडेची माती सुटी करायला सुरुवात केली. तिचा हात किंचित थरथरत होता.

कड गोल निघाली. मग आणखी गोल. पातळ, सपाट, दोन्ही बाजूंनी सारखी. सगळे 'मणी असेल', 'चकती असेल', 'कानातलं असेल' म्हणत होते. मी गप्प होतो. शेवटी सरांनी ती वस्तू माझ्या तळव्यावर ठेवली, सापडवली मी म्हणून. अंगठा तिच्यावरून गेला आणि मला कळलं.

"सर, हा पैसा आहे."

कुणी हसलं नाही. आपल्या देशात नाणीच मुळी इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकाच्या आसपास आली. त्या थरातली माणसं त्याआधी किमान आठ-नऊशे वर्षं होऊन गेलेली. आणि हा तर तितकाही जुना नव्हता. उन्हात तिरपा धरला तर हिरव्या पापुद्र्याखाली काहीतरी बसलेलं दिसत होतं. वशिंड. नंदी. आमच्या देवघरात कळशात टाकायला असाच पैसा आहे, आजीच्या वेळेपासून. होळकर संस्थानचा, शिवाजीराव होळकरांच्या काळातला, म्हणजे १८८६ ते १९०३ च्या दरम्यानचा. दर नवरात्रात मीच तो पाण्यात सोडतो. डोळ्यांच्या आधी बोटाने ओळखला.

एका पोराने चेष्टेत विचारलं, "काका, तुमच्याच खिशातून तर नाही ना पडला?" बाकीचे हसले. मला मात्र घाम फुटला. चेष्टा असो नाहीतर नसो, मी सगळ्यांसमोर खिसे उलटे केले: कंगवा, बसचं तिकीट, कांदा. चौतीस वर्षांची सवय आहे. हिशोब जुळला नाही की पहिली नजर कॅशियरकडे जाते, तेव्हा त्याने आपणहून हात दाखवावेत.

आता प्रश्न होता, आला कुठून. पहिला संशय भेगांवर. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि अशा भेगा पडतात की पोराचा पाय अडकावा. वरची वस्तू त्यातून खाली जाते, पावसाळ्यात माती फुगून तोंड मिटतं, आणि वस्तू आत राहते, जणू कायमची तिथलीच. पण सरांना त्या जागी उभी भेग दिसेना.

आमच्या खड्ड्यात माती उचलायला गावातली एक म्हातारी होती, सगळे तिला जीजी म्हणायचे. ती इतका वेळ तगारी बाजूला ठेवून बसली होती. ती उठली, पैसा निघाला त्या जागी अंगठा दाबला, मग वीतभर पलीकडे दाबला, आणि म्हणाली, "माटी पोची हे." पोची म्हणजे भुसभुशीत. तिने बोटाने एक वाकडी रेघ हवेतच काढली, कोपऱ्यापासून भिंतीकडे, आणि भिंतीत वर. "उंदरा को बिल."

कीटकनाशक फवारायचा पाठीवरचा पंप असतो ना, तो तिथे साध्या पाण्यासाठी ठेवलेला असतो. कोरड्या भिंतीत सगळी माती एकच राखाडी दिसते, पाणी मारलं की रंग वेगळे होतात. ताईने फवारा मारला. पाच मिनिटांपूर्वी जिथे काहीच नव्हतं, तिथे भिंतीत एक काळपट अंडाकृती डाग उमटला. त्याच्या वर दुसरा, जरा डावीकडे. त्याच्या वर, दुसऱ्या थरात, जळक्या लाल मातीचा तुकडा आणि राख: जुनी चूल. त्या थरातून काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि लोखंडी खिळा आधीच निघाला होता. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे पोळ्या भाजत होतं, चुलीशेजारी एक पैसा पडला, आणि उंदराने बीळ केलं तेव्हा तो राखेबरोबर घरंगळत आमच्या इसवी सनापूर्वीच्या घरात येऊन बसला.

सर खूश झाले. कोडं सुटलं होतं. पोरं आपापल्या खड्ड्यात गेली. मीही खूश होतो, कारण जास्तीचा पैसा कुणाचा ते सापडलं. ताई मात्र भिंतीकडे बघत तशीच उभी राहिली. ती कशाकडे बघतेय हे मला जरा उशिरानेच कळलं. बिळाचा खालचा टप्पा ईशान्य कोपऱ्यातून गेला होता. राखेबरोबर पैसा येतो, तर राखेबरोबर जळका गहूही येतो.

अकरा दाणे.

"तपासायला पाठवून तारीख काढता येणार नाही का?" मी विचारलं. येते, ती म्हणाली, आजकाल एक दाणाही पुरतो. पण खर्च मोठा, महिनोन्महिने थांबायचं, आणि प्रत्येक दाणा कोण पाठवतो? बाकीचे मोजणीत जातात, ज्या थरातून निघाले त्या थराच्या नावावर. त्या पैशाने टोकलं नसतं तर ते अकराच्या अकरा साडेतीन हजार वर्षांचे म्हणून छापून आले असते. कदाचित ते खरंच तेवढे जुने असतीलही, ती म्हणाली. हेच जास्त वाईट होतं.

दुपारी आंब्याखाली तिने वही काढली. अकरा दाण्यांची नोंद खोडली. एकच सरळ रेघ, खालचं अक्षर दिसेल अशी, बाजूला 'बिळालगत, संशयित' आणि सही-तारीख. मी बघत होतो. खाडाखोडीचा हा नियम मी नव्या कारकुनांना किती वर्षं शिकवला: गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही, चूक वाचता आली पाहिजे. तिला कुणी शिकवला कोण जाणे. मी काही बोललो नाही. खिशातला कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि अर्धा तिच्या ताटात ठेवला.

"काका, पैशाची नोंद तुम्ही करा," ती म्हणाली, "तुमचा आहे तो."

वस्तूंच्या रजिस्टरमध्ये मी ती केली. वस्तू: नाणे, तांबे. खोली: ९५ सेंमी. थर या रकान्याशी मी थांबलो. पाच लिहायचं की दोन? जिथे सापडला तो की जिथला होता तो? ताईने मान न उचलता सांगितलं, "दोन्ही नाही. 'बिळातला भराव' लिहा. बिळाला आता स्वतःचा नंबर दिलाय." म्हणजे उंदराचंही खातं उघडलं होतं.

मी आणखी सोळा दिवस राहिलो. उरलेल्या कोपऱ्याची माती त्यानंतर वेगळी चाळली. बिळापासून लांब, चांगल्या घट्ट जमिनीखाली, शेवटच्या आठवड्यात दोन दाणे मिळाले. ताईने त्या जागी आधी जीजीचा अंगठा दाबून घेतला, मग चिठ्ठी लिहायला मला सांगितलं.

दिवाळीच्या सुमाराला तिने साफ केलेल्या नाण्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मी देवघरातला आमचा पैसा काढून मोबाईलशेजारी ठेवला आणि सौ.ला बोलावलं. दोन्हीकडे तोच बसलेला नंदी. आमचा तीन पिढ्या चिंचेने घासून घासून नुसता उंचवटा उरलाय, शिंगं कुठे आणि मान कुठे ते सांगावं लागतं. उंदराच्या बिळातला मात्र पाय दुमडून असा ठसठशीत बसला होता की सौ. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली, "उद्यापासून आपला घासायला नको."