पंजाला लावलेलं पीठ

रात्री सव्वादोनला आजींनी गोळ्यांची वाटी उडवून लावली. "दूर हो! लांडगा आहेस तू. पंजाला पीठ लावून आलायस!"

मी बडोद्यात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. आजी दांडिया बाजारातल्या, वय 82, खुब्याच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. या वयात अशा ऑपरेशननंतर भ्रम होतो, रात्री तो वाढतो. आम्ही त्याला डेलिरियम म्हणतो. ऑक्सिजन, साखर, ताप, लघवीची नळी सगळं पाहिलं, डॉक्टरांना कळवलं. पण 'पीठ' हा शब्द डोक्यातून जाईना.

मग माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं. पावडरचे पांढरे हातमोजे. तोंडावर मास्क. आणि आजी मराठी, तरी सवयीने मी त्यांच्याशी 'बा, बा' करत गुजरातीत बोलत होते.

लांडगा आणि सात करडांची गोष्ट! ग्रिम बंधूंनी 1812 साली छापलेली ही जर्मन गोष्ट माझ्या आजीने मात्र शेजारच्या गल्लीत घडल्यासारखी सांगितली होती. लांडगा खडू खाऊन आवाज मऊ करतो, पंजाला पीठ फासतो आणि आई म्हणून दारात उभा राहतो. करडं आधी आवाज ओळखतात, मग पंजा बघायला मागतात. त्या रात्रीनंतर मी अशा गोष्टी शोधून वाचल्या. जपानी कोल्हीण बाई होऊन संसार करते, पण शेपूट दिसतं आणि बिंग फुटतं. स्कॉटलंडच्या बेटांवरची सीलबाई माणसांत राहते, कातडं सापडलं की समुद्रात परत जाते. सोंग कितीही चांगलं असो, खूण राहतेच, आणि ऐकणाऱ्याने ती शोधायची असते. आजी तेच करत होत्या. त्यांच्या चष्म्याची डबी आणि कानाचं यंत्र ऑपरेशनच्या दिवसापासून खणात पडून होतं. ही आमची चूक, आणि ती मला अजून टोचते.

यंत्र कानात बसवायला शेजारच्या खाटेवरच्या काकूंची सोबत आलेली सून धावली. चष्मा लावला. मी दिवा मोठा केला, चार पावलं मागे सरून मास्क खाली केला, हातमोजे काढले.

"आजी, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात, रात्रीचे अडीच वाजलेत. हा बघा माझा हात."

त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला, बोटं दाबली. चेहरा सैल झाला, पण हात सोडला नाही.

"एकच पंजा दाखवून फसवतात," त्या म्हणाल्या. "दुसरा दाखव."