व्हेनीटा १९७२: गार्सियापासून वीअरपर्यंत

मंडळी, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या 'सनशाइन डेड्रीम' या कार्यक्रम-फिल्ममधलं 'बर्ड साँग' हे गाणं गिटारवर बसवायला घेतलंय, असं मागच्या वेळी सांगितलं होतं. त्याची प्रगती लिहायची राहिली होती. बँडचा मुख्य गिटारवादक जेरी गार्सियाची सुरावट बऱ्यापैकी हाताला आली. ती आल्यावर लक्षात आलं की त्या वाजवण्याला उभं धरणारं काम शेजारी साथीची गिटार वाजवणारा बॉब वीअर करतोय. गेला पूर्ण उन्हाळा त्याच्या डाव्या हातामागे गेला आणि अजून सुटका नाही. या नोंदीत मुख्यतः तेच.

फिल्म न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ग्रेटफुल डेडचा हा कार्यक्रम २७ ऑगस्ट १९७२ रोजी ओरेगनमधल्या युजीन शहराजवळ, व्हेनीटा गावाच्या मैदानावर झाला. निमित्त होतं एक डेअरी वाचवण्याचं. लेखक केन कीझीचा भाऊ चक आणि चकची बायको सू यांची स्प्रिंगफील्ड क्रीमरी पैशांच्या अडचणीत होती. 'नॅन्सीज' नावाचं योगर्ट हे त्यांचं प्रसिद्ध उत्पादन. चकने बँडला विचारलं, बँड हो म्हणाला, आणि थोड्या आठवड्यांत सगळं उभं राहिलं. तिकिटं योगर्टच्या लेबलांवर छापली होती: आगाऊ घेतलं तर ३ डॉलर, दारावर साडेतीन. डेअरी तगली आणि ते योगर्ट आजही विकलं जातं. मला या गोष्टीचा फार आनंद आहे. त्या काळातल्या किती महोत्सवांच्या गोष्टी दिवाळखोरीत आणि कोर्टकचेऱ्यांत संपल्या ते आपल्याला माहीत आहे.

चित्रीकरण केलं जॉन नॉरिस, फिल डिगेअर आणि सॅम फील्ड यांच्या चमूने, १६ मिलिमीटरवर. फिल्म तयार झाली, थोड्या ठिकाणी दाखवली गेली, पण रीतसर बाहेर आली ती थेट २०१३ मध्ये. मधली चाळीस वर्षं कॉपीवरून कॉपी काढलेल्या टेपा हातोहात फिरत होत्या. डिगेअर पुढे टीव्हीत गेला. १९८५ च्या 'ट्वायलाइट झोन' मालिकेचं शीर्षकसंगीत ग्रेटफुल डेडने केलं, ते त्याच्याच ओळखीतून. २०१३ च्या संचात फिल्मबरोबर पूर्ण कार्यक्रमाच्या तीन सीड्या आहेत आणि आपल्यासारख्यांना त्यांची गरज पडतेच. फिल्ममध्ये मोजकीच गाणी आहेत. ऐन रंगात आलेल्या जागी कॅमेरा नाचणाऱ्यांकडे वळतो, आणि हात दिसायचे थांबतात. मी दोन्ही शेजारी ठेवून काम करतो. हात फिल्मवर पाहायचे, कान सीडीला लावायचे.

आता उन्हाबद्दल, कारण ते समजल्याशिवाय या दिवसाचे सूर समजत नाहीत. त्या दिवशी पारा १०० फॅरनहाइटच्या वर होता, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या पुढे. शिवाय मंच पश्चिमेकडे तोंड करून बांधलेला. दुपार कलली की सूर्य थेट वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांत. फिल्ममध्ये सगळे डोळे बारीक करून वाजवताना दिसतात. वाद्यांचं काय झालं असेल ते पाहायला मी एप्रिलमध्ये नागपुरातल्या आमच्या गच्चीवर गिटार नेली. सावलीत सूर लावला, मग उन्हात धरली आणि ट्यूनर लावून ठेवला. सुई लगेच डावीकडे सरकायला लागली. तार बारीक, पोलादाची, पटकन तापते. तापली की लांबते, ताण कमी होतो, सूर उतरतो. मानेचं लाकूड सावकाश तापतं, आणि लांबीच्या दिशेने पोलादापेक्षा कमी पसरतं, त्यामुळे ती तारेची भरपाई करू शकत नाही. ढग आला तर उलटं: तार निवते, सूर चढतो. म्हणजे एकदा नीट सूर लावून भागत नाही, दर गाण्याला नव्याने लावायचा.

हे करताना एक उपयोगाची गोष्ट सापडली. उतरलेली तार बोटाने जराशी ढकलून सुरात आणता येते. चढलेल्या तारेला तो इलाज नाही. त्यानंतर व्हेनीटाचं ऐकताना गार्सियाचे लांब धरलेले स्वर वेगळे ऐकू यायला लागले. तो स्वरावर खालून येतो, वर नेतो आणि तिथे हलकं आंदोलन देऊन थांबतो. ही त्याची सवय थंडीतल्या कार्यक्रमांतही आहेच, पण त्या दिवशी ती सवय सूर सांभाळण्याच्या कामी आली असणार, असं माझं मत झालंय.

त्याच्या हातातली गिटार म्हणजे 'अ‍ॅलिगेटर', गायक-गीतकार ग्रॅहम नॅशने दिलेली जुनी स्ट्रॅटोकॅस्टर, पिकगार्डवर (तारांखालच्या संरक्षक पट्टीवर) मगरीचं स्टिकर. आवाज स्वच्छ, डिस्टॉर्शन (आवाजाची मुद्दाम आणलेली खरखर) जवळपास नाही, त्यामुळे बोट किंचित चुकलं तरी ऐकू येतं. घरी सराव करतानाही अ‍ॅम्पचा गेन खाली ठेवा. गेन वाढवला की आपण वाजवतोय त्यापेक्षा छान ऐकू येतं, आणि शिकणं तिथेच थांबतं.

'चायना कॅट सनफ्लॉवर'मधून 'आय नो यू रायडर'मध्ये जाणारा सांधा मला आता न थांबता वाजवता येतो. तो कसा उलगडला ते सांगतो. पहिलं गाणं जी मिक्सोलिडियनमध्ये फिरतं, म्हणजे आपल्या भाषेत जी हा सा धरून खमाज थाट: सगळे शुद्ध, फक्त निषाद कोमल. हा कोमल नि म्हणजे एफ. दुसरं गाणं डी मिक्सोलिडियनमध्ये. तोच थाट, पण सा आता डी. दोन्हींचे सात-सात स्वर कागदावर एकाखाली एक लिहा: सहा स्वर सामाईक निघतात. बदलतो तो एकच, एफचा एफ शार्प होतो. आधीचा कोमल निषाद जातो आणि त्याच्या अर्ध्या पायरीवर नव्या सा चा शुद्ध गंधार येतो. हे कळल्यावर मी त्या संपूर्ण सांध्यात फक्त या एका स्वरावर कान ठेवून बसलो. कोण आधी एफ सोडतो? कोण एफ शार्प पहिल्यांदा घेतो? फिल लेशचा बास डी कडे झुकायला लागतो, तरी वर गिटारीत काही वेळ काहीच ठरलेलं नसतं. या ना त्या स्वराला कुणी हात लावत नाही. मग गंधार लागतो आणि गाणं बदललेलं असतं. ही जागा शिकायची असेल तर डी चा सूर लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) टाका आणि त्यावर एफ आणि एफ शार्प दोन्ही टाळून वाजवा. मला सापडलेला यापेक्षा चांगला सराव नाही. एक सूचना: 'रायडर'च्या कॉर्डमध्ये एफ मेजर पुन्हा येतो, त्यामुळे सांधा पार झाल्यावर 'एफ नको' हा नियम सोडून द्यायचा.

आता 'बर्ड साँग'. बँडचा गीतकार रॉबर्ट हंटरने गायिका जॅनिस जॉप्लिनच्या आठवणीत लिहिलेलं गाणं. ई मिक्सोलिडियन, मधला मोकळा भाग बहुतांशी ई आणि डी या दोन कॉर्डांवर. व्हेनीटाचं रूप दहा मिनिटांहून लांब आहे आणि माझ्या मते या गाण्याचं याहून सुंदर वादन झालेलं नाही. गार्सियाची सुरावट मी वेग निम्मा करून, तुकड्या-तुकड्याने उतरवली. सगळी जोडून लूपरवरच्या ई-डी वर वाजवली. स्वर बरोबर, लय बरोबर, आणि तरी गाणं हलेना. स्केलचा पाठ म्हणून दाखवल्यासारखं.

मग फिल्ममध्ये गार्सिया सोडून वीअर पाहायला सुरुवात केली. तो जिथे दिसत नाही तिथे सीडीवर त्याला ऐकायला. आणि काय चाललंय ते उमगलं. ई आला म्हणून तो ई ची पूर्ण कॉर्ड छेडत नाही. दोन किंवा तीन तारा, तेवढाच तुकडा, तोही पहिल्या मात्रेवर क्वचितच. एकदा वाजवलेला तुकडा लगेच पुन्हा येत नाही. मधल्या जागा रिकाम्या. गार्सियाचं वाक्य संपलं की त्याच्या शेवटच्या स्वराच्या आसपास वीअरचा तुकडा पडतो आणि गार्सियाचं पुढचं वाक्य त्यावरून सुरू होतं. वीअरने अनेकदा सांगितलंय की जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतल्या मॅकॉय टायनरचा पियानोवरचा डावा हात ऐकून तो साथ शिकला. गिटारवादकाने गिटारवादकाकडून न घेता पियानोकडून घेतलं, हे एकदा माहीत झालं की त्याचे विचित्र वाटणारे आकार समजायला लागतात. सोलो वाटतं ते दोघांचं संभाषण आहे. मी एकाचीच वाक्यं पाठ केली होती.

तेव्हापासून सरावाची घडी अशी आहे. लूपरवर फक्त ई चा बास, मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. डी, जी आणि बी या तीन तारा नवव्या फ्रेटवर आडव्या दाबल्या की ई मिळतो, सातव्यावर डी. एवढंच साहित्य घ्यायचं आणि समेवर काहीही वाजवायचं नाही. सम मनात धरायची, हाताने सोडायची. सुरुवातीला उजवा हात ऐकत नाही, तो आपोआप समेवर खाली येतो. हळूहळू डाव्या हाताने तारा दाबणं सैल करून आवाज तोडायची सवय होते. कॉर्ड किती वेळ वाजते त्यापेक्षा ती कुठे थांबते याला महत्त्व यायला लागतं. या सरावात मनगटावर ताण येतो, तेव्हा थोडा थोडा वेळ करा.

दुसरी गोष्ट ढोलांची. १९७२ मध्ये बँडमध्ये एकच ड्रमर होता, बिल क्रॉइट्झमन. दुसरा ड्रमर मिकी हार्ट १९७१ च्या सुरुवातीला बाहेर पडला आणि १९७४ च्या अखेरीस परतला. एकटा असल्यामुळे क्रॉइट्झमन हलका आणि चपळ वाजवतो, आणि वीअरच्या त्या तुटक तुकड्यांना जागा मिळते. दोन ड्रमरांच्या काळातलं 'बर्ड साँग' लावून पाहा, फरक लगेच कळेल. हार्ट नसला तरी त्याची खूण या कार्यक्रमात आहे: 'प्लेइंग इन द बँड'मधला, त्याच्या रचनेतून आलेला दहा मात्रांचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा). हार्टचं आपल्याकडे नातं थेट आहे. तो उस्ताद अल्लारखांकडे शिकला, आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्याने डिगा रिदम बँड केला, ज्याचा अल्बम १९७६ मध्ये आला. आमच्या एका तबलजी मित्राला मी हा रिफ ऐकवला. त्याने मांडीवर झपतालाचा ठेका धरला, आणि मात्रा दहाच असूनही तो लगेच म्हणाला, 'खंड वेगळे आहेत रे, दोन-तीन-दोन-तीन नाही बसत.' मग आम्ही दोघांनी टाळी-खाली सोडून नुसत्या दहा मोजल्या. आता तो रिफ माझ्याकडून न मोजता निघतो.

'डार्क स्टार'ला अजून हात लावलेला नाही, नुसतं पाहिलंय. अर्ध्या तासाचं वादन, सूर्य खाली जात असतानाचं. इथे फिल्मकडून हातांची फार अपेक्षा ठेवू नका. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटी रिळात, सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने, सुमारे ११ मिनिटं मावतात. म्हणजे अशा रिळावर एवढं लांब गाणं कुठल्याही एका कॅमेऱ्याला रीळ न बदलता अखंड टिपता आलंच नसतं. या गाण्यात फिल्म मंचापासून दूर जाते, रेखाटनांच्या चलच्चित्रात शिरते. काहींना ते आवडत नाही. मला आवडतं, कारण गाणंही तिथे ताल सोडून दूर गेलेलं असतं. 'जॅक स्ट्रॉ'मध्ये गार्सियाच्या मागे खांबावर चढून उघडाबंब डोलणारा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हेही सांगतो की त्याच्याकडून नजर काढून वीअर आणि गार्सियाचं आळीपाळीने गाणं ऐका. कडव्यांतला तो दुहेरी आवाज गिटारीतल्या संभाषणाचंच दुसरं रूप आहे.

पुढचा बेत: 'डार्क स्टार'च्या शेवटून 'एल पासो' कसं निघतं ते उतरवायचं. सगळं विरघळलेलं असताना तीन मात्रांची घोडदौड सुरू होते आणि ती सुरू करण्यात पुढाकार वीअरचाच, कारण गाणं तो गातो. माझ्या ऐकण्यात लेश ती लय आधी पकडतो, क्रॉइट्झमन मग. बास वाजवणारा आमचा मित्र दर रविवारी येतोय, त्याच्याबरोबर हा सांधा दोघांतच बसवणार, ड्रमशिवाय. तुमच्यापैकी कुणी कीथ गॉडशॉचा पियानो या जागेवर वेगळा ऐकून उतरवला असेल तर जरूर पाठवा. तीन मात्रा आधी त्याच्याकडून येतात की काय, अशी मला शंका आहे आणि माझ्या हेडफोनवर तो गिटारीखाली दबतोय.