सहा सेलचा कॅसिओ

आपल्याकडे कॅसिओ हे कंपनीचं नाव राहिलंच नाही. ऑर्केस्ट्रात समोर रोलँड असो की यामाहा, वाजवणारा ‘कॅसिओवर’च असतो. मुलाला कॅसिओच्या क्लासला घातलं, वरातीत कॅसिओ आला, असंच आपण बोलतो. नावाची एवढी चलती झाली की त्यात खऱ्या कॅसिओचा एक फार हुशार नमुना झाकला गेला: सीझेड-१०१ हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर हवा तसा आवाज घडवणारा कीबोर्ड.

तो आला १९८४ साली. मिडी, म्हणजे वाद्यांनी केबलवरून एकमेकांना निरोप द्यायची पद्धत, जेमतेम वर्षभराची होती. यामाहाचा डीएक्स-७ दोन हजार डॉलरच्या घरात होता आणि हा ४९९ डॉलरना. मग काटकसर केली कुठे? पहिली पट्ट्यांवर. ४९ पट्ट्या, त्याही खेळण्यातल्यासारख्या बारक्या. पेटीवर बसलेला हात इथे हमखास शेजारची पट्टी दाबतो. जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच. आउटपुटही एकच, मोनो. आवाज घडवण्याच्या यंत्रणेत मात्र हात आखडला नाही, आणि ही निवड अगदी योग्य होती.

ती यंत्रणा म्हणजे फेज डिस्टॉर्शन. पुण्याहून साताऱ्याला एसटी रोज ठरल्या वेळेत पोचते असं धरा. एक ड्रायव्हर सगळा रस्ता एकाच वेगाने जातो; दुसरा सुरुवातीला सुसाट सुटतो आणि खंबाटकीपासून रेंगाळतो. पोचायची वेळ दोघांची तीच. सीझेडच्या पोटात एक साधी गोल लहर साठवलेली असते आणि ती अशीच कमी-जास्त वेगाने वाचली जाते. एका फेरीचा वेळ बदलत नाही म्हणून सूर हलत नाही. लहरीचा आकार मात्र वाकतो आणि गोल बासरीसारख्या आवाजाला करवतीची धार येते. ही धार किती, ते डीसीडब्ल्यू ठरवतो. सूर डीसीओकडे, आवाजाची पातळी डीसीएकडे. तिघांनाही आठ-आठ टप्प्यांचे एन्व्हलप, म्हणजे पट्टी दाबल्यावर कसं चढायचं-उतरायचं याचा आराखडा; प्रत्येक टप्प्याला वेग आणि पातळी, ० ते ९९. आणि असे संच दोन, त्यांना लाइन म्हणतात.

आकडे बघून घाबरायचं कारण नाही. आठपैकी दोन टप्प्यांत काम भागतं. साधा बेस हवा असेल तर लाइन १ निवडा आणि लहर करवतीची घ्या. डीसीएचा पहिला टप्पा वेग ९९, पातळी ९९. दुसरा वेग ६० च्या आसपास, पातळी ०, आणि शेवटाची खूण तिथेच. डीसीडब्ल्यूलाही तेच, फक्त दुसरा टप्पा थोडा जलद, म्हणजे धार आधी विझते आणि आवाज मागून. आवाज भरीव करायला १+१’ म्हणजे पहिल्याच लाइनची जोडी निवडून दुसरीचा सूर डिट्यूनमधून किंचित हलवा. पण दोन लाइन घेतल्या की एका वेळी आठऐवजी चारच सूर वाजतात. मोठे कॉर्ड धरल्यावर मधले सूर गळाले, तर बिघाड समजून दुरुस्तीवाल्याकडे धावू नका.

खरी मजा मिडीत आहे. मोनो मोडमध्ये हा इवलासा डबा सलग चार चॅनलवर चार वेगवेगळे आवाज वाजवतो, प्रत्येकावर एका वेळी एक सूर. बेस, धून आणि वर दोन जोडीदार. चौपट किमतीच्या डीएक्स-७ला एका वेळी एकच आवाज ठाऊक होता. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर सुरू करायचा निरोप तीन बाइटचा, तो एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो. तेव्हा सूर लटकले किंवा उशिरा आले, तर आधी केबल तपासा. जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनांची केबल दिसायला हुबेहूब तशीच, पण आतली जोडणी कधी कधी आरशातल्यासारखी उलटी असते. मिडीला ४ आणि ५ नंबरच्या पिना सरळ जोडलेल्या लागतात, २ वर शील्ड. स्वस्तातल्या काही यूएसबी केबली सूर नीट पोचवतात, पण साठवलेला आवाज संगणकावर उतरवताना लांबलचक निरोप मध्येच तोडतात.

जुना सीझेड घेताना प्रत्येक पट्टी दाबून बघा. एखादी मुकी असेल तर बहुतेक वेळा खालच्या रबराच्या काळ्या ठिपक्यावर मळ बसलेला असतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर लावलात तर कार्बनचा थरच निघून जाईल.

अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण आतली पिन ऋण. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर सहसा १२ व्होल्टचा आणि धन पिनेचा असतो. तो लावून बघायचा मोह आवरा. गिटार पेडलच्या अडॅप्टरची पिन जुळते, पण पुष्कळदा करंट अपुरा पडतो. ८५० मिलिअँपिअरच्या खाली जाऊ नका.

आणि ते सेल. टॉर्चमध्ये घालतात तसले सहा जाडे सेल खालच्या बाजूला बसतात. त्यांच्यावर हा कॅसिओ पट्ट्याने गळ्यात अडकवून चालता-चालता वाजवता येतो, पण त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं. तुम्ही घडवलेले सोळा आवाज लक्षात ठेवतात ते हेच सेल. कंपनीने दिलेले सोळा चिपमध्ये कायमचे कोरलेले असतात, ते कुठे जात नाहीत. म्हणून कायम अडॅप्टरवर वाजवणाऱ्यानेही सेल घालून ठेवावेत. वर्षाकाठी झाकण उघडून बघावं, कारण गळलेला सेल स्प्रिंगा खातो. अल्कलाइन सेलचा पांढरा थर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो, नंतर आयसोप्रोपिलने पुसून कोरडं करावं. आणि सेल बदलताना क्रम चुकू नये: आधी अडॅप्टर लावायचा, मग झाकण उघडायचं.